छताची साल का सुटली?

मोटरहोम घेतल्यापासून पुण्याकडच्या नातेवाईकांचा एकच प्रश्न असतो. "म्हणजे नक्की काय घेतलंत? गाडी की घर?" यावर माझं ठरलेलं उत्तर आहे. रस्ता चांगला असेल त्या दिवशी ती गाडी असते, आणि पाऊस पडेल त्या दिवशी ते घर असतं. घर म्हटलं की छत आलं आणि छत म्हटलं की गळती आली. कौलांच्या घरात वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आज त्या छताबद्दलच लिहायचं आहे. विषय जरा रुक्ष वाटेल, पण २०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. शिवाय वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे अशी गाडी असेल, किंवा कुणी जुनी घ्यायच्या विचारात असेल, तर त्यांना थोडा उपयोगही होईल.

आधी रचना समजून घेऊ. आमची गाडी २०११ सालची, एकोणतीस फुटी. पुढे ट्रकसारखी केबिन, केबिनच्या डोक्यावर पुढे आलेलं कपाळ आणि त्या कपाळात एक बिछाना. इंडियाना राज्यात एल्कहार्ट नावाचं गाव आहे. अमेरिकेतल्या बहुतेक मोटरहोम त्या गावाच्या आसपासच्या कारखान्यांत बनतात. आमचीही तिथलीच. तिचं छत कापून पाहिलं तर खालून वर असे थर दिसतील. सगळ्यात खाली आतलं पातळ सीलिंग, मग लाकडी तुळया आणि त्यांच्या मधे भरलेलं उष्णतारोधक, त्यावर सुमारे एक सेंटिमीटर जाडीचं प्लायवूड, आणि प्लायवूडवर गोंदाने चिकटवलेली रबराची पांढरी चादर. चादरीची जाडी जेमतेम एक मिलिमीटर! या रबराला ईपीडीएम म्हणतात. काही गाड्यांना टीपीओ नावाचं दुसरं आवरण असतं, काहींना फायबरग्लासचा पत्रा, काही जुन्यांना अ‍ॅल्युमिनियमचा. नाव काहीही असो, वरच्या थराचं काम एकच, पाणी आत येऊ न देणे. माणूस छतावर चढला तर त्याचं वजन पेलतं ते लाकूड. म्हणजे ताकद लाकडाची आणि लाकडाला कोरडं ठेवायची जबाबदारी सालीची.

ही साल सुटली तर काय करायचं? खरं म्हणजे त्याच्या आधीचा प्रश्न, ती का सुटली हे कसं शोधायचं? सगळी गोष्ट या दुसऱ्या प्रश्नाची आहे.

मे महिन्यात आई-बाबा सहा महिन्यांच्या व्हिसावर इकडे कोलंबसला आले. परतीचं तिकीट २० सप्टेंबरचं. आईला सलग दोन तासांच्या वर बसवत नाही, कमरेचं दुखणं आहे. तिला यलोस्टोन पाहायचं होतं. गाडी घेतली तीच मुळी या हिशोबाने. हवं तिथे थांबावं, आईने तासभर आडवं व्हावं, आणि दर पन्नास मैलांवर बाथरूम शोधत फिरावं लागू नये. आमच्या घरापासून यलोस्टोन सुमारे १७०० मैल. आठवडाभर रमतगमत जायचं, आठवडाभर राहायचं, तसंच परत यायचं. जुलैची आरक्षणंही झाली होती.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. ते एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत एकतीस वर्षं होते, बसची बॉडी बांधायच्या विभागात. लहानपणी आम्ही लाल डब्यातून मामाकडे जायचो तेव्हा बाकीची मुलं खिडकीसाठी भांडायची आणि बाबा मात्र छताकडे बघत बसलेले असायचे. कुठला पत्रा वाजतोय हे ते डोळे मिटून सांगायचे. आई म्हणायची, "यांना निवृत्त केलं ते फक्त कागदावर."

जूनच्या पहिल्या आठवड्यात सरावासाठी म्हणून आम्ही हॉकिंग हिल्सला दोन रात्री जाऊन आलो. जाताना सगळं ठीक. परत येताना चांगला चौपदरी रस्ता मिळाला, नवऱ्याने वेग ताशी पासष्ट मैलांवर नेला आणि डोक्यावर आवाज सुरू झाला. ढप... ढप... ढप. ओली गोधडी काठीने झोडावी तसा. वेग पन्नासवर आणला की गप्प, पासष्टवर नेला की पुन्हा सुरू.

बाबा मागे जेवणाच्या टेबलाशी बसले होते. तिथूनच म्हणाले, "साल सुटली आहे. हळू घ्या, जावईबापू."

घरी आल्यावर मी शिडी लावून वर गेले. (वर जायचा मान माझा, कारण तिघांत वजन माझं कमी.) पाहते तर छत अगदी सपाट! कुठे फाटलेलं नाही, वर आलेलं नाही. एसीच्या मागे ताटलीएवढा एक फुगा आणि एकदोन सुरकुत्या, बस. या दुखण्याची हीच मोठी गंमत आहे. सुटलेली साल गाडी उभी असताना शहाण्या मुलासारखी पडून असते. ती फुगते वाऱ्यावर, आणि तेव्हा छतावर बघायला कुणी नसतं.

आम्ही गाडी दुरुस्तीच्या एका दुकानात नेली. तिथला माणूस वर चढला, दहा मिनिटांत खाली आला आणि म्हणाला, पूर्ण छत बदला. साडेनऊ हजार डॉलर, आणि नंबर लागेल ऑगस्टच्या अखेरीस. त्याचं सगळंच चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. तेरा वर्षांचं रबर होतं आणि अशा छताची हमी साधारण दहा-बारा वर्षांचीच असते. पण बाबांनी मला एकच विचारलं.

"का सुटली ते विचारलंस का?"

"विचारलं. म्हणाला, वय झालं."

"वय सगळ्या छताचं झालंय. मग एकाच जागी का वाजतं?"

त्या रात्री घरात चार माणसं आणि चार मतं. नवऱ्याचं म्हणणं, जोखीम नको, पैसे टाकू आणि मोकळे होऊ. मला काहीही करून जुलैत निघायचं होतं. पन्नासच्या आत चालवू, काय बिघडतं? बाबा म्हणाले, कारण कळल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जाणार नाही. भर रस्त्यात ती चादर फाटून मागच्या गाडीच्या काचेवर गेली तर? आणि आई म्हणाली, "नाही गेलो तरी चालेल गं. टीव्हीवर बघू." हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. आईचं "चालेल" काय असतं ते ज्यांना आई आहे त्यांना माहीत आहे.

मग बाबांच्या देखरेखीखाली तपासणी सुरू झाली. ते खाली खुर्ची टाकून बसले, मी वर. त्यांनी वहीत तीन संशयित लिहिले, गोंद, हवा आणि पाणी. त्यांचं म्हणणं असं की सालीला सोडवणारे हे तिघेच. गोंद म्हातारा होऊन सुटतो, हवा कडेने शिरून उचलते आणि पाणी खालचं लाकूड कुजवून गोंदाला धरायला जागाच ठेवत नाही. वरून तिन्ही प्रकार सारखेच दिसतात, सैल चादर. पण पहिल्याला बहुधा काहीच करावं लागत नाही, दुसऱ्याला कड बांधावी लागते आणि तिसऱ्याला लाकूड बदलावं लागतं. पाण्याने सुटलेली साल नुसती परत चिकटवली तर आपण कुजणं झाकून ठेवलं एवढंच होतं.

पहिलं काम नकाशाचं. ऊन चढायच्या आत, पण दव वाळल्यावर वर जायचं. ओलं रबर साबणासारखं निसरडं असतं, हे ध्यानात ठेवा. मऊ तळाचे बूट घालायचे आणि गुडघ्यांखाली प्लायची फळी, म्हणजे वजन पसरतं आणि कुजक्या जागी पाय आत जात नाही. मग बोटांच्या पेरांनी दर वीतभर अंतरावर ठोकत जायचं. चिकटलेल्या जागी "ठक" असा भरीव आवाज, सुटलेल्या जागी "ढब" असा पोकळ. तळहाताने दाबून सरकवलं तर सुटलेली चादर हाताबरोबर किंचित चालते. जिथे ढब तिथे मी रंगाऱ्याची निळी चिकटपट्टी लावत गेले. दोन तासांनी वरून फोटो काढला तर तीन बेटं दिसली. सगळ्यात मोठं पुढे, केबिनच्या कपाळामागे, कडेपासून कडेपर्यंत आणि मागे सुमारे पाच फूट. दुसरं एसीमागचा ताटलीएवढा फुगा. तिसरं मागे, बाथरूमच्या हवेच्या झडपेभोवती. बाकी छत घट्ट.

बाबांनी खालून विचारलं, "कुठे रेघ दिसते का?"

मला कळेना. मग त्यांनी समजावलं. बसला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा रिव्हेटने ठोकलेला असतो. रिव्हेट सैल झाला की पत्रा त्याच्याशी घासतो आणि त्याची काळी भुकटी रिव्हेटमागे रेघेसारखी पसरते. रिव्हेट दिसायला जागच्या जागी असतो, पण रेघ सांगते की तो काम करत नाही. आमच्या गाडीला छतावर रिव्हेट नाहीत. पण पुढच्या कडेला, जिथे रबराची चादर फायबरच्या कपाळाला मिळते, तिथे अ‍ॅल्युमिनियमची एक पट्टी स्क्रूंनी आवळलेली आहे आणि तिच्यावर सीलंट. त्या पट्टीच्या डाव्या टोकाखाली तांबूस ओघळ होते. गंज! एक स्क्रू हलक्या हाताने फिरवून पाहिला. तो फिरतच राहिला. त्याच्या खालच्या लाकडात पकडच उरली नव्हती.

दुसरं काम पाण्याचं. वीस-पंचवीस डॉलरला लाकडाची ओल मोजायचं एक यंत्र मिळतं, दोन टोकदार सुया असलेलं. वरच्या रबराला भोकं पाडायची नसतात, म्हणून मोजायचं आतून. बाबांनी सांगितल्याप्रमाणे छतातल्या प्रत्येक झडपेची आतली प्लॅस्टिकची चौकट काढली. चार-सहा स्क्रू असतात फक्त. चौकट निघाली की छताचा सगळा छेद समोर येतो, सीलिंग, तुळई, प्लाय, रबर. बाहेरून तासन्‌तास तर्क करण्यापेक्षा ही पाच मिनिटं जास्त सांगून जातात. मधल्या झडपेशी प्लायची कड पिवळीधमक, ओल ११ टक्के. पुढे कपाळातल्या दिव्याच्या भोकातून १२. मागे बाथरूमशी मात्र प्लायची कड काळी पडलेली, नखाने पापुद्रे निघत होते, आणि यंत्र म्हणालं २७. लाकडात पंधरा टक्क्यांपर्यंत ओल असली तर काळजी नसते, विसाच्या वर गेली की कुजायला वाव मिळतो.

म्हणजे मागचं बेट पाण्याचं. पण सीलिंगवर डाग कुठे होता? बाथरूमपासून चार फूट पुढे, कपाटाच्या कोपऱ्यात! पाणी शिरतं एकीकडून, तुळईच्या कडेने चालत जातं आणि उतरतं भलतीकडे. आई हे ऐकून म्हणाली, "माझं तेच. दुखत होता गुडघा आणि निघालं कमरेत." त्यानंतर ती या तपासणीत रस घेऊ लागली. वहीत आकडे लिहायचं काम तिने स्वतःहून घेतलं.

तिसरं काम हवेचं. सगळ्या खिडक्या, दारं बंद केली. मागच्या झडपेत एक साधा पेटीपंखा उलटा, म्हणजे हवा आत ढकलेल असा बसवला आणि आजूबाजूच्या फटी चिकटपट्टीने बुजवल्या. गाडीत थोडा दाब तयार झाला. मग मी वर जाऊन सगळ्या कडांवर आणि सांध्यांवर साबणाचं पाणी शिंपडलं. जिथे फट आहे तिथे बुडबुडे येतात, सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधावं तसं. (धंदेवाईक लोक हेच मोजमापाच्या पंख्याने करतात.) बुडबुडे दोनच ठिकाणी आले, बाथरूमच्या झडपेच्या चौकटीशी आणि पुढच्या पट्टीच्या डाव्या टोकाला. एसीमागच्या फुग्याजवळ काही नाही.

आता राहिली प्रत्यक्ष रस्त्यावरची परीक्षा. मागून मोटारीतून बघायचं तर छत दिसतच नाही, कारण मोटार ठेंगणी. बाबांनी तोडगा काढला. आमच्या घरापासून काही मैलांवर महामार्गावरून जाणारा एक पूल आहे, त्याला पादचाऱ्यांसाठी पदपथ आहे. आम्ही तिघं त्या पुलावर उभे आणि नवरा खालून गाडी नेणार. शिवाय एसीच्या झाकणावर पुढे तोंड करून एक गोप्रो बसवला. रविवारी सकाळी सहाला, रहदारी नसताना. आईने थर्मासमध्ये चहा घेतला होता. पुलावर उभं राहून चहा पिणारी आम्ही तीन माणसं बघून एका सायकलवाल्याने वळून वळून पाहिलं. :)

पहिली फेरी, सगळ्या खिडक्या बंद, वेग साठ. गाडी खालून गेली आणि मी ते डोळ्यांनी पाहिलं. कपाळामागची चादर पोळीसारखी फुगली होती. बाबांनी हात पसरून दाखवलं, वीतभर. दुसरी फेरी, केबिनच्या खिडक्या उघड्या. फुगवटा थोडा वाढला. खिडकीतून आत शिरलेली हवा दिव्यांच्या आणि तारांच्या भोकांतून छताखाली जाते, ती थोडी भर टाकत होती. पण खिडक्या बंद असतानाही फुगत होतं, म्हणजे मुख्य दार वेगळं. मग थांबून पुढची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत रुंद ब्यूटाइल टेपने तात्पुरती बंद केली आणि तिसरी फेरी, खिडक्या बंद, वेग तोच. चादर हलली नाही. व्हिडिओतही नुसती एक थरथर.

पुलावरच बाबांनी वहीत हिशोब मांडला. ताशी पासष्ट मैल म्हणजे सेकंदाला सुमारे २९ मीटर. त्या वेगाला वाऱ्याचा दाब होतो दर चौरस मीटरला साधारण ५० किलो. पुढचं सुटलेलं बेट साडेतीन चौरस मीटरचं. वर वाऱ्याची ओढ, खालून फटीतून शिरलेली हवा. पूर्ण जोर लागत नाही, अर्धाच धरला तरी नव्वद किलोच्या आसपास. म्हणजे एक धडधाकट माणूस छतावर बसून चादर वर ओढतोय. वेग पंचेचाळीसवर आणला तर हाच दाब निम्म्यावर येतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणून पन्नासला आवाज थांबत होता. थांबत होता तो आवाज, ओढ चालूच होती. माझं "पन्नासच्या आत चालवू" तिथेच संपलं. मलाही ते पटलं.

तर निदान असं झालं. पुढे हवा. पट्टीखालचं सीलंट तडकलं, स्क्रूंच्या भोकांतून थोडं थोडं पाणी झिरपलं, तीन बोटं रुंदीचं लाकूड कुजलं, स्क्रूंची पकड गेली, कड उघडी पडली आणि वाऱ्याने पाच फूट चादर सोलली. तिच्याखालचं बाकी लाकूड कोरडं. मागे पाणी. झडपेभोवतीचं दीड-दोन फूट प्लाय बाद. आणि एसीमागचा फुगा म्हणजे नुसता गोंद. खाली कोरडं, कडा बंद, हवा नाही. असे फुगे कधीकधी नव्या छतालाही येतात. त्याला हात लावायचा नाही. कापायचा तर मुळीच नाही, कारण कापलं की आपण होऊन भोक केलं.

हा कागद घेऊन आम्ही घरी येऊन काम करणाऱ्या एका तंत्रज्ञाला बोलावलं. त्याने बाबांची वही पाहिली, स्वतः दोन ठिकाणी ठोकून खात्री केली आणि दोन दिवसांत काम केलं. पुढची चादर मागे गुंडाळून कुजलेली पट्टी काढली, नवं लाकूड बसवलं, चादर नव्या गोंदाने चिकटवली, कडेखाली ब्यूटाइल टेप, नवे स्क्रू, वरून आपोआप पसरणारं सीलंट. मागे झडपेभोवतीचं प्लाय चौकोनी कापून नवं घातलं आणि त्यावर रबराचं ठिगळ. एकूण १९०० डॉलर. जाताना त्याने दोन गोष्टी बजावल्या, त्या तुम्हालाही सांगते. या रबरावर पेट्रोलियमजन्य काहीही लावायचं नाही, ते फुगतं आणि सैल पडतं. आणि सिलिकॉन फासायचं नाही. ते रबराला धड धरत नाही आणि त्याच्यावर पुढे दुसरं काही चिकटत नाही.

पण हे सगळं होईपर्यंत जुलै संपला होता. त्या तंत्रज्ञाची तारीखही लगेच मिळाली नव्हती. यलोस्टोनची आरक्षणं रद्द केली. मी बाबांना एकदा म्हटलं, अजून ऑगस्ट आहे, निघू या का? ते म्हणाले, "नव्या कामाची पहिली फेरी जवळची. पहिल्याच फेरीत १७०० मैल नाही." दापोडीत त्यांनी असंच केलं असणार. नवी बॉडी बांधली म्हणून पहिल्या दिवशी कुणी तिला कोकणात पाठवत नाही.

म्हणून गेलो मिशिगनला. सुमारे साडेचारशे मैल, चार दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी. स्लीपिंग बेअर ड्यून्सच्या वाळूच्या टेकड्या आणि समोर मिशिगन सरोवर. आई किनाऱ्यावर बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "समुद्रच की गं हा. फक्त वास नाही." त्या रात्री तिकडे धो धो पाऊस पडला. छतावर ताशा वाजत होता. बाबा दोनदा उठून विजेरीने झडपेचे कोपरे पाहून आले. आई गाढ झोपली होती. सकाळी मी यंत्र लावून पाहिलं, १२ टक्के. आईने ते वहीत लिहिलं.

यलोस्टोन राहिलं ते राहिलंच. त्याची हळहळ मला अजून आहे, आणि आईच्या कमरेकडे बघता ते पुढे होईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. पण त्या महिनाभरात मी बाबांना जे काम करताना पाहिलं, ते लहानपणी कधी बघायला मिळालं नव्हतं. तेव्हा ते सकाळी डबा घेऊन जायचे आणि संध्याकाळी हाताला ग्रीसचा वास घेऊन परत यायचे. मधे काय करतात हे आम्हाला माहीत नव्हतं. ते हे करत होते तर! कुठला पत्रा का वाजतो हे शोधून काढायचे, आणि ते कळेपर्यंत बस अडवून धरायचे. तिच्यातून जाणाऱ्या पन्नास माणसांना हे कधी कळत नसे.

आता मी एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये वर्षातून दोनदा छतावर जाते. सौम्य साबणाने धुते, ठोकून पाहते, कडेचे स्क्रू तपासते, ओल मोजते आणि सगळे आकडे पुण्याला कळवते. एसीमागचा फुगा आम्ही मुद्दाम ठेवला आहे. त्याच्याभोवती मी पेन्सिलीने रेघ ओढली आहे, वाढला तर कळावं म्हणून. इकडे मोठा पाऊस झाल्याची बातमी लागली की बाबांचा फोन येतो. जावयाची, नातवंडांची चौकशी नंतर. आधी, "फुगा रेघेच्या आत आहे ना?"

आहे म्हटलं की मग ते फोन आईकडे देतात.